अपत्याचा सामायिक ताबा व पोटगी

आईवडील विभक्त झाल्यानंतर अज्ञान अपत्याने कोणाजवळ राहावे, दुसऱ्या पालकाला ते केव्हा व कसे भेटावे आणि त्याच्या पालनपोषणाचा खर्च कोणी किती उचलावा, या तीन प्रश्नांची कायदेशीर व्यवस्था म्हणजे अपत्याचा ताबा व पोटगी होय. दोन्ही पालक अपत्याच्या संगोपनाची जबाबदारी आणि त्याच्या सहवासाचा काळ वाटून घेतात, तेव्हा त्या व्यवस्थेस सामायिक ताबा किंवा सहपालकत्व असे म्हणतात. भारतातील कोणत्याही अधिनियमात सामायिक ताब्याची स्वतंत्र व्याख्या नाही. तथापि न्यायालये आपल्या सर्वसाधारण अधिकारात असे आदेश देतात आणि परस्परसंमतीने घटस्फोट घेणारी जोडपी आपल्या संमतीच्या अटींत तशी तरतूद करतात. प्रस्तुत लेखात ही व्यवस्था मुख्यतः महाराष्ट्राच्या आणि विशेषतः ठाणे व कल्याण-डोंबिवली या नागरी पट्ट्याच्या संदर्भात दिली आहे.

संज्ञा

व्यवहारात 'पालकत्व' आणि 'ताबा' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने ते भिन्न आहेत. पालकत्व म्हणजे अपत्याच्या वतीने निर्णय घेण्याचा व त्याच्या मालमत्तेची देखभाल करण्याचा अधिकार. ताबा म्हणजे अपत्याचा दैनंदिन सांभाळ. त्यामुळे मूल आईच्या ताब्यात असूनही वडील त्याचे पालक असू शकतात. ज्या पालकाजवळ मूल राहत नाही त्याला ठरावीक वेळी मुलास भेटण्याचा अधिकार मिळतो. त्यास भेटीचा हक्क म्हणतात. मूल काही दिवस मुक्कामासही जाणार असेल, तर त्यास रात्रीच्या मुक्कामासह भेट असे संबोधले जाते. दूरध्वनी व चित्रसंवादाद्वारे संपर्क ठेवण्याच्या हक्कास संपर्काचा हक्क म्हणतात.

'ताबा' हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला असून तो मालमत्तेच्या व्यवहारात रूढ आहे. मूल ही मालमत्ता नसल्याने अलीकडच्या कायदेविषयक लेखनात त्याऐवजी 'अभिरक्षा' किंवा 'सहपालकत्व' हे शब्द वापरण्याकडे कल दिसतो. 'पोटगी' हा शब्द 'पोट' या शब्दावरून आलेला आहे; मात्र कायद्यातील पोटगी अन्नापुरती मर्यादित नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ मधील व्याख्येनुसार निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व वैद्यकीय उपचार या सर्वांचा समावेश होतो.

कायदेशीर चौकट

पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मांच्या व्यक्तींना लागू असलेला मूलभूत कायदा आहे. त्याच्या कलम १७ नुसार पालक नेमताना न्यायालयाने अपत्याच्या कल्याणाचा विचार करावयाचा असतो. त्यात अपत्याचे वय, लिंग व धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य व क्षमता आणि त्याचे अपत्याशी असलेले नाते या बाबी येतात. अपत्य समंजस मत बनवण्याइतके मोठे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. कलम २५ मध्ये ताबा परत मिळवण्याची तरतूद असून, कलम ९ नुसार अर्ज अपत्याचे नेहमीचे वास्तव्य ज्या न्यायालयाच्या क्षेत्रात असेल तेथे करावा लागतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार हिंदू अपत्याचा नैसर्गिक पालक पिता व 'त्याच्यानंतर' माता असते. मात्र पाच वर्षे पूर्ण न झालेल्या अपत्याचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. कलम १३ नुसार अपत्याचे कल्याण हाच सर्वोच्च निकष आहे. म्हणजे कलम ६ मधील क्रम हा आरंभबिंदू असून कलम १३ मधील कल्याण हा निर्णायक मुद्दा ठरतो.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ अन्वये वैवाहिक दावा चालू असताना आणि निकालानंतरही न्यायालय अपत्यांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी आदेश देऊ शकते व ते बदलू शकते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मधील कलम ३८ तसेच ख्रिस्ती व पारशी विवाहविषयक कायद्यांत अशाच तरतुदी आहेत. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात लहान अपत्याच्या सांभाळाच्या मातेच्या हक्कास 'हिजानत' म्हणतात. हनफी मतानुसार तो मुलाच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत व मुलीच्या बाबतीत ती वयात येईपर्यंत असतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली दंडाधिकारी अपत्याचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेटीमुळे अपत्यास अपाय होईल असे वाटल्यास भेट नाकारू शकतात.

न्यायालयीन दृष्टिकोनाचा विकास

एकोणिसाव्या शतकातील विचारात पित्याचा हक्क प्रधान होता. १९४१ च्या न्यायनिर्णय-संग्रहात प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अगदी लहान मुलाच्या बाबतीत आईची जागा दुसरी कोणी व्यक्ती पुरेशी भरून काढू शकत नाही, या विचाराने ताबा आईकडे दिला. पुढील अनेक निर्णयांत त्याचा आधार घेतला गेला.

आईच्या पालकत्वाच्या प्रश्नावरील महत्त्वाचे प्रकरण विदर्भातून पुढे आले. जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान या खटल्याचा मूळ वाद शेतजमीन व कूळ यांसंबंधीचा होता. आईवडील वीस वर्षांहून अधिक काळ विभक्त होते आणि मुलीचे सर्व व्यवहार आईच पाहत होती. वडील हयात असले तरी ते मुलीच्या बाबतीत पूर्णपणे उदासीन असल्याने अशा परिस्थितीत आईला नैसर्गिक पालक मानता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ठरवले.

पुढचे पाऊल मुंबईत मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेशी संबंधित प्रकरणात पडले. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी अर्ज केला असता वडिलांची सही मागण्यात आली. १७ फेब्रुवारी १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६ मधील 'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ 'त्याच्या मृत्यूनंतर' असा न घेता 'त्याच्या अनुपस्थितीत' असा लावला. पिता अपत्याविषयी उदासीन असेल, दूर राहत असेल किंवा उभयतांत तशी समजूत झाली असेल, तर माता नैसर्गिक पालक म्हणून काम पाहू शकते. कलमाची शब्दरचना मात्र तशीच राहिली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम सक्तीचा झाला, हा याच दिशेचा प्रशासकीय बदल होय.

सामायिक ताब्याचा स्पष्ट पुरस्कार भारतीय विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात केला. त्यात संबंधित कायद्यांत दुरुस्ती करून न्यायालयांना योग्य प्रकरणी संयुक्त ताबा देण्याचा स्पष्ट अधिकार असावा आणि दोन्ही पालकांना समान कायदेशीर स्थान मिळावे, अशा शिफारशी होत्या. त्यापूर्वी २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात मुलाने वर्षाचे पहिले सहा महिने वडिलांकडे व पुढचे सहा महिने आईकडे राहावे, असा आदेश दिला होता. जानेवारी २०२० मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की, मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे; ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याशी पुरेशी भेट व नियमित संपर्क राहील अशी व्यवस्था आदेशातच असावी.

ताब्याचे प्रकार

न्यायालयीन आदेशांत व संमतीच्या अटींत साधारणतः पुढील प्रकार आढळतात :

• एकल ताबा व भेटीचा हक्क – मूल एका पालकाकडे राहते आणि दुसऱ्याला ठरावीक दिवशी भेटते. हा सर्वांत रूढ प्रकार आहे.
• सामायिक निर्णय, एक घर – मूल एका घरी राहते, परंतु शाळा, शस्त्रक्रिया, पारपत्र, धार्मिक संस्कार यांसारखे निर्णय दोघे मिळून घेतात.
• सामायिक वास्तव्य – मूल आठवडा, महिना किंवा सुट्ट्या यांच्या हिशेबाने दोन्ही घरी राहते.
• देखरेखीखालील भेट – हिंसाचार, व्यसन किंवा मूल पळवून नेण्याची भीती असल्यास भेट न्यायालयाच्या आवारात किंवा तिसऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीत होते.
• तिसऱ्या व्यक्तीकडे ताबा – दोन्ही पालक असमर्थ असल्यास आजी-आजोबा किंवा अन्य नातेवाइकांकडे.

ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो. अपत्याचे वय, पालकांची परिस्थिती व अपत्याची इच्छा बदलली की तो बदलून मागता येतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते : ताबा मिळणे म्हणजे खटला जिंकणे नव्हे आणि न मिळणे म्हणजे पालकत्व गमावणे नव्हे.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील व्यवस्था

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नगरांसाठी कुटुंब न्यायालये स्थापन करावयाची असतात. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. ठाण्यात कुटुंब न्यायालय आहे. कुटुंब न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेरील भागात वैवाहिक अर्ज दिवाणी न्यायालयात, पालकत्वाचे अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अधिकारात आणि निर्वाहाचे अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. डोंबिवली हे शहर कल्याण तालुक्यात मोडते.

न्यायालय निवडताना दोन नियम वेगळे लक्षात ठेवावे लागतात. घटस्फोटाचा अर्ज विवाह झाला ते ठिकाण, पतिपत्नी शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण, प्रतिवादीचे निवासस्थान किंवा पत्नी अर्जदार असल्यास तिचे सध्याचे निवासस्थान यांपैकी कोठेही करता येतो. पालक व पाल्य अधिनियमाखालील ताब्याचा अर्ज मात्र अपत्याच्या नेहमीच्या वास्तव्याशी बांधलेला असतो. घोडबंदर मार्गावरील घर सोडून आई मुलासह डोंबिवलीस माहेरी आली असेल, तर मुलाचे 'नेहमीचे वास्तव्य' कोणते, हाच पहिला वादाचा मुद्दा होऊ शकतो.

कुटुंब न्यायालयाने प्रथम समेटाचा प्रयत्न करावा, असे त्याच अधिनियमाचे कलम ९ सांगते. त्यासाठी विवाह समुपदेशक नेमलेले असतात. ते दोन्ही पालकांशी आणि आवश्यक तेथे मुलाशी बोलतात. सुनावणी बंद दालनात होऊ शकते. पक्षकारास वकील देण्याचा हक्क आपोआप नसतो; न्यायालयाची परवानगी लागते. मुलाचे मत जाणून घ्यावयाचे असल्यास न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात, पालकांच्या अनुपस्थितीत बोलतात. स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

या पट्ट्यातील सामायिक ताब्यावर भूगोलाचा व रेल्वेच्या वेळापत्रकाचा मोठा प्रभाव पडतो. ठाणे ते कल्याण हे मध्य रेल्वेने सुमारे २० किलोमीटरचे अंतर असून डोंबिवली त्या दोहोंच्या दरम्यान आहे. अंतर थोडे असल्याने आठवडाअखेरचा मुक्काम सहज शक्य होतो. परंतु येथील बहुसंख्य नोकरदार सकाळी मुंबईकडे जातात व रात्री परततात. अशा वेळी शाळेच्या दिवसांत मुलाने दोन घरांत फिरणे म्हणजे गर्दीच्या वेळी दप्तरासह लोकलचा प्रवास. म्हणून येथे शाळेजवळचे घर हे मुलाचे मुख्य घर ठेवून शनिवार-रविवार, मे महिन्याची सुट्टी, गणपती व दिवाळी यांची वाटणी करणे अधिक व्यवहार्य ठरते. आई व वडील दोघेही नोकरी करत असल्यास दुपारच्या वेळी मुलाजवळ कोण असते, हाही प्रश्न न्यायालयापुढे येतो आणि तेथे आजी-आजोबांची भूमिका महत्त्वाची ठरते.

सहपालकत्वाची योजना

मुंबईतील चाइल्ड राइट्स फाउंडेशन या संस्थेने मुलाची भेट व ताबा यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे आणि सहपालकत्वाच्या योजनेचा नमुना तयार केला आहे. अशा लेखी योजनेत पुढील बाबी जितक्या स्पष्ट असतील तितके पुढचे वाद कमी होतात :

• मुलाला नेण्या-आणण्याची जागा, वेळ व ते कोण करणार;
• उशीर झाल्यास किती वेळ थांबावयाचे व चुकलेली भेट कशी भरून द्यावयाची;
• सण, वाढदिवस व दीर्घ सुट्ट्यांची वाटणी;
• दूरध्वनीची वेळ;
• शाळेचे प्रगतिपुस्तक व पालकसभा यांची माहिती दोघांस मिळण्याची तरतूद;
• आजारपणात निर्णय कोणी घ्यावयाचा;
• परगावी वा परदेशी जाण्यापूर्वी संमती;
• खर्चाचे वाटप व त्यातील वार्षिक वाढ.

'सोयीनुसार भेट' अशी अट वरकरणी सौजन्याची वाटते, पण संबंध ताणलेले असताना तीच सर्वाधिक वादाचे कारण होते. 'दर शनिवारी सायंकाळी ५ ते रविवार सायंकाळी ६' अशी अट रुक्ष असली तरी मुलाला ती समजते व त्याला तिची वाट पाहता येते.

पोटगी

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० नुसार अपत्याचे पोषण करणे हे आई व वडील दोघांचेही कर्तव्य आहे. अपत्य औरस असो वा अनौरस. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीच्या बाबतीत हे कर्तव्य ती सज्ञान झाल्यावरही चालू राहते. सर्व धर्मीयांसाठी असलेली तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. दाव्याच्या काळातील अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो.

पोटगीची रक्कम काढण्याचे ठरावीक सूत्र भारतीय कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निर्णयात यासाठी देशभर लागू होणारी पद्धत घालून दिली. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता, देणी व खर्च यांचे प्रतिज्ञापत्र सादर करावे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. आणि वेगवेगळ्या कायद्यांखाली मिळालेल्या रकमा परस्परांत समायोजित कराव्यात, हे त्यातील मुख्य मुद्दे आहेत. अपत्यांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा, परंतु आईचे उत्पन्न पुरेसे असल्यास तो प्रमाणशीर वाटून घ्यावा, असेही त्यात म्हटले आहे.

प्रमाणशीर वाटणी एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वडिलांचे मासिक उत्पन्न ६०,००० रुपये, आईचे ४०,००० रुपये आणि मुलाचा एकूण खर्च २०,००० रुपये धरल्यास वाटा अनुक्रमे १२,००० व ८,००० रुपये येतो. मूल आईकडे राहत असेल तर आईचा वाटा घरखर्चातून परस्पर भागतो आणि वडिलांनी १२,००० रुपये द्यावयाचे असतात. सामायिक वास्तव्यात वडीलही काही खर्च थेट करतात. तो वजा करताना मात्र घरभाडे, शाळेचे शुल्क व विमा यांसारखे स्थिर खर्च मूल काही दिवस दुसऱ्या घरी गेल्याने कमी होत नाहीत, हे लक्षात घ्यावे लागते. म्हणून सहवासाचा काळ समान असला तरी पोटगी शून्य होतेच असे नाही. उत्पन्नात तफावत असल्यास ती देय राहते.

आदेश असूनही पोटगी न दिल्यास वॉरंट काढून वसुली करता येते आणि थकीत महिन्यांसाठी एक महिन्यापर्यंत किंवा रक्कम भरेपर्यंत कारावास होऊ शकतो. या मार्गाने वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. कारावासाने थकबाकी माफ होत नाही.

पोटगी व भेट या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पोटगी थकली म्हणून मुलाची भेट अडवता येत नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. कारण दोन्ही हक्क अखेरीस मुलाचे आहेत. याच कारणास्तव घटस्फोटाच्या तडजोडीत आईने स्वतःची पोटगी सोडून दिली, तरी मुलाची पोटगी त्याने संपुष्टात येत नाही.

इतर देशांतील पद्धती

युनायटेड किंग्डममध्ये बालनिर्वाह सेवा ठरावीक सूत्राने रक्कम काढते. मूळ दराच्या टप्प्यात एका अपत्यासाठी देणाऱ्याच्या साप्ताहिक ढोबळ उत्पन्नाच्या १२ टक्के, दोघांसाठी १६ टक्के व तीन वा अधिक अपत्यांसाठी १९ टक्के असा दर असून मूल देणाऱ्याकडे जितक्या रात्री राहते त्या प्रमाणात सूट मिळते. फ्रान्सने २००२ च्या कायद्याने आलटूनपालटून वास्तव्यास मान्यता दिली. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये समान सामायिक पालकत्वाचे गृहीतक कायद्यात आणले. पण ६ मे २०२४ पासून ते काढून टाकले आणि पुन्हा मुलाच्या हितावर व सुरक्षिततेवर भर दिला.

परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या संदर्भात एक बाब महत्त्वाची आहे. बालकांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. त्यामुळे एका पालकाने परदेशातून मूल भारतात आणल्यास ते परत पाठवण्याचा आदेश आपोआप होत नाही. भारतीय न्यायालय परदेशी आदेश विचारात घेते, पण निर्णय मुलाच्या कल्याणावरून करते.

टीका व मर्यादा

सामायिक ताब्याच्या समर्थकांच्या मते भेटीचे मोजके तास पालकाला पाहुणा बनवतात आणि मूल एका पालकापासून हळूहळू तुटते. एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याच्या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. उलटपक्षी, विभक्त होण्यामागे हिंसाचार असेल तर वारंवार होणारा संपर्क हे छळाचे नवे साधन ठरू शकते, असा आक्षेप स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारे घेतात. समान ताब्याची मागणी पोटगी कमी करण्याच्या हेतूने केली जाण्याची शक्यताही असते.

दीर्घकाळ चालणारी प्रकरणे ही दुसरी मर्यादा होय. अंतरिम आदेशाच्या काळात मूल मोठे होते, एका घराला व शाळेला सरावते आणि तीच स्थिती पुढे निर्णयाचा आधार बनते. चार वर्षांच्या मुलासाठी केलेला अर्ज ते नऊ वर्षांचे झाल्यावर निकाली निघाला, तर कलम ६ मधील पाच वर्षांची मर्यादा त्या मुलापुरती निरर्थक झालेली असते. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांतील अंतरिम भेटीचा आदेश व समुपदेशकापुढे झालेली समजूत यांना अंतिम निकालाइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक महत्त्व प्राप्त होते.